भरती क्रमांक दोन

नळी हातात आली की ताई आधी तिच्यावरचं नाव मोठ्यानं वाचायच्या, मग जन्मतारीख. मग सोबतच्या कागदावरचं नाव आणि जन्मतारीख. मग पुन्हा एकदा नळी. शेजारी कुणी फोनवर बोलत असो की शिंकत असो, त्यांचा आवाज खाली यायचा नाही. म्हणून सगळी कंपनी त्यांना दोनदाताई म्हणायची. खरं तर हे वाचन तीनदा व्हायचं, पण नाव ठेवणाऱ्यानं तेवढं मोजलं नव्हतं.

इथे येण्याआधी बावीस वर्षं त्यांनी एका इस्पितळात रक्त काढण्यात घालवली होती. हात इतका हलका, की सुईला घाबरणारी माणसं त्यांची ड्यूटी कधी आहे ते विचारून यायची. तिथे अगदी सुरुवातीला एकाच आडनावाच्या दोन बायकांच्या नळ्यांची अदलाबदल झाली होती. चूक ताईंची नव्हती, पण खोलीत त्या होत्या. एका धडधाकट बाईला आठ दिवस रडताना त्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून हे वाचन सुरू झालं. अशा बाईच्या हातून पुढे जे घडलं ते कुणी सांगितलं असतं, तर कंपनीतल्या कुणालाही पटलं नसतं.

कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक मजला. जिना चढताना रबराचा वास यायचा आणि वर गेल्यावर स्पिरिटचा. पहिल्या खोलीत ताईंचं टेबल, दोन फ्रिज आणि नळ्यांचे स्टँड. काचेपलीकडे मशीन. त्याच्यामागे डॉक्टरसाहेबांची खोली, जिथे खुर्चीवरसुद्धा फायली बसलेल्या असायच्या. डॉक्टरसाहेब कंपनीचे मालक. अतिशय हुशार माणूस, पण गाडी कुठल्या गल्लीत लावली ते रोज संध्याकाळी खालच्या टायरवाल्याला विचारायचे.

त्यांनी एक चाचणी शोधून काढली होती आणि कंपनी तेवढी एकच चाचणी करायची. कॅन्सरचे उपचार पार पडलेल्या माणसाच्या रक्ताची एक नळी यायची. आजार पुन्हा डोकं वर काढतोय का, हे त्यातून कळायचं, तेही गाठ फोटोत दिसण्याच्या कितीतरी आधी. अहवालावर दोनपैकी एक ओळ असायची. 'खूण आढळली नाही', किंवा 'खूण आढळली'. पेशंटचे फोन ताईंकडे यायचे. सहा वर्षांत त्यांनी हजारो माणसांना एकच गोष्ट सांगितली असेल, की अहवालावर विश्वास ठेवा.

विमा कंपनीचा मात्र विश्वास बसत नव्हता. चाचणी महाग, आणि विम्याच्या यादीत तिचं नाव नाही. पेशंट जेमतेम तिसरा हिस्सा भरायचा, बाकीचा भार कंपनी स्वतः उचलायची. यादीत नाव यावं म्हणून पुरावा लागायचा, आणि पुरावा म्हणजे आणखी चाचण्या. दर सहा महिन्यांनी विमेवाल्यांचं पत्र यायचं. भाषा इतकी सभ्य, की दोन वेळा वाचल्याशिवाय नकार सापडायचा नाही. 'आपला पुरावा उत्साहवर्धक आहे, तथापि पुरेसा नाही.' या एका 'तथापि'वर कंपनीची तीन वर्षं गेली होती.

ताईंनी हे गणित घरी नवऱ्याला समजावून पाहिलं. त्यांचं शिवणकामाचं दुकान, घराच्याच पुढच्या खोलीत.

"म्हणजे गिऱ्हाईक वाढलं की तुमचा तोटा वाढतो?" तोंडातली टाचणी काढून त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि कमी झालं की?"

"मग पुरावा कमी पडतो. म्हणजे विमेवाले यादीत घेत नाहीत. म्हणजे कंपनी बंद."

नवऱ्यानं बराच विचार केला. "मी तर असा एक सदरा शिवला नसता," ते म्हणाले आणि टाचणी पुन्हा तोंडात धरली. ताईंना त्यांचा राग आला, कारण स्वतःलाही अगदी तसंच वाटत होतं.

त्या वर्षी नळ्या खूप यायला लागल्या आणि कंपनीच्या नाकी नऊ आले. पगार आधी उशिरा झाला, मग अर्धा. मशीनला लागणारं किट पुरवणाऱ्यांनी उधारी बंद केली. एका किटमध्ये सोळा नळ्या तपासल्या जायच्या, आणि किट एकदा फोडलं की त्याच दिवशी संपवावं लागायचं. पूर्वी नऊ नळ्या असल्या तरी मशीन सुरू व्हायचं. आता डॉक्टरसाहेबांनी मशीनलाच कुलूप घातलं. सोळा नळ्या बसल्याशिवाय ते चालूच होईना. त्यामुळे नळ्या फ्रिजमध्ये थांबू लागल्या. आणि नळीतलं रक्त सात दिवसच टिकतं.

एका गुरुवारी स्टँडमध्ये तेरा नळ्या होत्या. त्यातली एक एका शाळामास्तरणीची, सातव्या दिवसाची. बाईंचा सकाळपासून तीन वेळा फोन येऊन गेला होता. पुढचे उपचार सुरू करायचे की नाहीत हे त्यांचे डॉक्टर शुक्रवारी ठरवणार होते. नवीन रक्त मागवायचं तर पुन्हा आठवडा. डॉक्टरसाहेब त्या दिवशी विमेवाल्यांच्या बैठकीला गेलेले, फोन बंद. फ्रिजमध्ये किट उरली होती दोन.

"तीन नळ्या पाणी भरून लावूया का?" ताईंनी विचारलं.

मशीन चालवणाऱ्या भाऊंनी मान हलवली. गेली पाच वर्षं ते मशीन त्यांच्या हाताखाली होतं, आणि बायकोचं ऐकावं तसं ते त्याचं ऐकत. "पाण्यात त्याला काहीच सापडत नाही, मग ते सगळी खेपच नापास करतं. खरं रक्त पाहिजे."

तेवढ्यात नमुने घेऊन येणारे ड्रायव्हरकाका रिकामी खोकी परत न्यायला वर आले. साठीचा माणूस, बोलायला मोकळा, कुणाचंही काम अंगावर घेणारा. त्यांनी सगळं ऐकलं आणि बाही वर केली. "एवढंच ना? माझं घ्या की. फुकट वाहतंय आत."

असं ते ठरलं. ताईंनी काकांचं रक्त काढलं, भाऊंचं काढलं. ताईंचं काढायला भाऊ बसले आणि दोन ठिकाणी निळं करून तिसऱ्या ठिकाणी जमवलं. आता लेबलं. नोकरांचं रक्त मशीनवर लावायचं नाही असा नियम होता, आणि नियमामागचं कारण ताईंना मान्य होतं. एकमेकांच्या शरीरात डोकावणं बरं नव्हे. म्हणून भाऊंनी लेबलं छापली 'भरती १', 'भरती २', 'भरती ३'. नाव नाही, तारीख नाही. तरी कुठली कुणाची हे लक्षात राहणारच, म्हणून ताईंनी लेबलं लावण्याआधी तिन्ही नळ्या पदराआड घेतल्या आणि खालीवर, डावीउजवी अशा फिरवल्या. "हां, आता मलाही ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. उलट आपण फार नीट वागलो असं वाटलं.

शुक्रवारी सकाळी ताई आल्या तेव्हा भाऊ मशीनसमोर उभे होते.

"मास्तरीणबाईंचं काय?"

"खूण नाही. एकदम स्वच्छ."

"देवा, सुटले." ताईंनी पर्स टेबलावर टाकली. "मग तोंड का असं?"

भाऊंनी मशीनचा स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. यादीत शेवटून दुसरी ओळ. भरती २. खूण आढळली.

ताईंना आधी अर्थच लागला नाही. भरती म्हणजे पाण्याऐवजी लावलेलं काहीतरी, त्यात खूण कशी येईल? मग आठवलं, ते तर आपल्या तिघांचं रक्त होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच प्रश्न होता आणि तो विचारायची लाज वाटत होती. तू की मी? की तिसरा?

भाऊंचे वडील याच आजारानं गेले होते. ते म्हणाले, "माझंच असणार." काकांना खालून बोलावून सांगितलं, तर ते जिन्याचा कठडा धरून म्हणाले, "चाळीस वर्षं विड्या ओढल्या, माझ्याशिवाय कुणाचं असणार?" ताईंच्या मनात आलं, काकांचंच असू दे. साठ वर्षं झालीत त्यांना, मुलं मार्गी लागलीत. हे मनात आल्याबरोबर त्यांचे कान गरम झाले. काल याच माणसानं न मागता बाही वर केली होती. आपण इतक्या हलक्या मनाच्या असू असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि तरी तो विचार जाईना.

दुपारी डॉक्टरसाहेब परतले. त्यांचा चेहराच सांगत होता. निर्णय पुन्हा सहा महिने पुढे. त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. 'तथापि' होतं त्यात. सध्या उरलेलं एक किट चालवायचं आणि मशीन थांबवायचं. पैसे घालणारं कुणी भेटलं तर पुढे बघू.

त्यांचं बोलून झालं तेव्हा ताईंनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. डॉक्टरसाहेब रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते फायलींच्या खुर्चीवर, फायलींसकट बसले.

"साहेब, ते खरं आहे का?" भाऊंनी विचारलं.

"ही चाचणी आजार होऊन गेलेल्या माणसांसाठी आहे. धडधाकट माणसात खूण दिसली तर तिचा अर्थ काय, ते आपण तपासलेलंच नाही. कधीकधी काही नसतानाही खूण दिसते. शंभरात एखादी."

"मग ही खरी की त्या शंभरातली?" ताई म्हणाल्या.

"हेच तर विमेवाले मला तीन वर्षं विचारतायत."

"आणि तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, की चाचणी खरी आहे." डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आता या घटकेला विचाराल तर मला कळत नाही, ताई."

ताईंना वाटलं, या माणसाला काही कळत नसेल तर आपण कुठल्या झाडाचा पाला. सहा वर्षं लोकांना विश्वास ठेवा म्हणून सांगितलं ते कुणाच्या जोरावर?

शरीरात नक्की कुठे काय आहे ते चाचणी सांगत नव्हती. ते बघायचं तर संपूर्ण शरीराचा स्कॅन करावा लागणार, आणि एकेकाच्या स्कॅनचा खर्च चार-चार पगारांइतका. ताईंनी विमेवाल्यांना फोन लावला. त्या पेशंटसाठी तिथे इतक्यांदा बोलल्या होत्या, की फोनवरची मुलगी त्यांना आवाजावरून ओळखायची.

"ताई, चाचणी यादीत नाही ना. तिच्यावरून स्कॅन मंजूर होत नाही, तुम्हाला माहितीये." मग कागद पुढे ओढल्याचा आवाज. "तरी नोंद करते. पेशंटचं नाव सांगा."

ताईंनी सवयीनं नळीवरचं लेबल पाहिलं.

"ताई? नाव?"

"नंतर सांगते," म्हणून त्यांनी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे नळी होती आणि नाव नव्हतं. त्या टेबलावर डोकं ठेवून रडल्या. पलीकडे भाऊ उगीचच मशीन पुसत राहिले.

शेवटचं किट बुधवारी लागायचं होतं. तोपर्यंत पेशंटच्या चौदा नळ्या जमल्या. म्हणजे रिकाम्या जागा दोन आणि माणसं तीन. डॉक्टरसाहेब म्हणाले, एखाद्या पेशंटची नळी वगळून त्याला आपण पैसे परत करू शकतो. ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते आपणहून खिडकीपाशी गेले.

"दोनच पुरेत," ताई म्हणाल्या. "या दोघांचं लावा. एकात खूण आली तर त्याचं. दोघांत नाही आली तर माझं. यात हिशेब करण्यासारखं काय आहे?"

"आणि गेल्या वेळची खूणच खोटी असली तर? तरीही दोघं स्वच्छच येतील," भाऊ म्हणाले.

"तर मग खोटी."

"पण ते कसं कळणार?"

काका म्हणाले, माझी जागा ताईंना द्या, मी म्हातारा. भाऊ म्हणाले, माझी द्या. बराच वेळ असं तुम्ही आधी, तुम्ही आधी चाललं. शेवटी ताई ओरडल्या, "गप बसा दोघं!" आणि दोघांनी मुकाट्यानं हात पुढे केले. ताईंनी रक्त काढलं, नळ्यांवर दोघांची पूर्ण नावं आणि जन्मतारखा लिहिल्या आणि मोठ्यानं वाचल्या. शुक्रवारी मनात आलं होतं त्याचं थोडंफार देणं फिटलं असं वाटलं, पण भीती काही कमी झाली नाही.

गुरुवारी निकाल आला. काका स्वच्छ. भाऊ स्वच्छ.

काकांनी खाली जाऊन टायरवाल्याच्या बाकावर बसून घेतलं. त्यांना आनंद लपवता येईना आणि दाखवताही येईना. भाऊ ताईंच्या टेबलापाशी आले, निकालाचा कागद पालथा ठेवला आणि परत गेले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "ताई, ती शंभरातली एखादी असू शकते. मी खरंच सांगतो." आणि म्हणताना त्यांचा आवाज अगदी विमेवाल्यांच्या पत्रासारखा झाला.

ताई एकट्याच बसून राहिल्या. डोकं चक्रावून गेलं होतं. चाचणी खरी असेल तर आपण आजारी आहोत. आपण आजारी नसू तर चाचणी खोटी, आणि मग सहा वर्षांतली ती हजारो माणसं, ती मास्तरीणबाई, सगळ्यांना आपण काय सांगत बसलो? तीन वर्षं त्यांनी विमेवाल्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, की तेच बरोबर असावेत. चाचणीत काही अर्थ नसावा. कंपनी बुडावी, पगार बुडावा, काय वाटेल ते व्हावं, पण ती ओळ खोटी असावी. मग वाटलं, हे आपण काय मागतोय? आणि तरी मागतच राहिल्या.

फोन वाजला. कालच्या चौदातला एक पेशंट. अहवाल त्याला सकाळीच गेला होता. चौदातला तेवढा एकच तसा होता, खूण आढळली. माणूस चाळिशीचा असेल. आवाजात घाई होती.

"मॅडम, मी विमेवाल्यांना विचारलं. ते म्हणतात ही चाचणी ते मानतच नाहीत. स्कॅन करायचा तर स्वतःच्या खिशातून. मी आता कुणाचं ऐकू? पोरीच्या कॉलेजची फी भरायचीय. मला काहीही होत नाहीये हो, मी रोज सकाळी चालतो. हा अहवाल चुकलेला असू शकतो ना? सांगा ना."

ताईंना 'असू शकतो' म्हणणं किती सोपं होतं. ते खोटंही नव्हतं. साहेबांनी आत्ताच ते सांगितलं होतं. तो माणूस निवांत झाला असता, आणि त्याच्याबरोबर त्यासुद्धा. त्यांनी तोंड उघडलं. पण त्या माणसाला 'असू शकतो' म्हणायचं आणि तो घरी बसून राहायचा, हे काही त्यांच्या जिभेवर येईना.

"मॅडम, आहात ना?"

"आहे. हे बघा, शंभरात एखादा चुकतो. तुमचा चुकलेला असला तर मला फार आनंद होईल. पण तुम्ही तो खरा धरा आणि स्कॅन करा."

"तुमच्या घरचं कुणी असतं तरी हेच सांगितलं असतं?"

"माझाच आहे," ताई म्हणाल्या. मोठ्यानं बोलल्यावर ते पहिल्यांदा त्यांच्याही कानावर पडलं. "मला पण तसाच अहवाल आलाय. आज कळलं. माझेही पैसे विमेवाले देणार नाहीत. माझ्या नवऱ्याला अजून सांगायचंय. आज सांगेन, उद्या जाईन."

मग अगदी वेगळ्या आवाजात त्यानं विचारलं, "भीती वाटतेय का हो तुम्हाला?"

"खूप."

"मला पण." तो म्हणाला, "कुठे जाणार आहात स्कॅनला?"

ताईंनी त्याला पत्ता सांगितला. सकाळी आठला यायचं, उपाशीपोटी, जुने कागद सोबत आणायचे. पहिल्यांदाच येणाऱ्याला ते दार सापडत नाही, बाजूच्या गल्लीतून आत जावं लागतं. "मी दारातच उभी असेन," त्या म्हणाल्या. "चष्मा आहे मला. आपण दोघं बरोबरच आत जाऊ."